नाडीपासून बिनतारी पट्ट्यापर्यंत

ताप आला की अंग सांगते, काटा रुतला की पाय सांगतो, दाढ दुखू लागली की सारे घर जागे होते. पण एक दुखणे असे आहे की ते वर्षानुवर्षे माणसाच्या अंगात वस्तीला असते आणि त्याची साधी कुणकुणही लागू देत नाही. शेतावर जाणे चालू असते, बाजार चालू असतो, लग्नाकार्यात पंगती उठत असतात. आणि एके दिवशी पहाटे चांगला धडधाकट माणूस खाटेवरून उठू पाहतो, तो एका बाजूचा हात हलत नाही नि तोंडातून शब्द फुटत नाही. घरचे म्हणतात, 'वारं गेलं.' डॉक्टर म्हणतात, 'रक्तदाब फार दिवसांचा वाढलेला होता.'

वाचकहो, रक्तदाबाच्या या मुकेपणातूनच आपल्या वऱ्हाडातला एक नेहमीचा संवाद निघतो. आरोग्यसेविका गोळ्या देते आणि आजोबा विचारतात, 'मले काही होत नाही, मंग गोयी कायले खाऊ?' आजोबांचे म्हणणे तसे अडाणीपणाचे नाही. जे दिसत नाही, दुखत नाही, ते खरे कशावरून मानावे, असा तो रास्त प्रश्न आहे. त्याचे उत्तर एकच : ते मोजता येते म्हणून. रक्तदाब हा कळण्याचा आजार नव्हे, मोजण्याचा आजार आहे. म्हणून त्याचा इतिहास हा प्रामुख्याने मोजमापाचा इतिहास आहे.

आज हा इतिहास एका नव्या वळणावर आला आहे. पुण्या-मुंबईस नोकरीला असलेला मुलगा दिवाळीला अकोल्यास किंवा अमरावतीस येतो, तो वडिलांसाठी मनगटावर बांधायचा एक पट्टा घेऊन येतो. त्यात नाडीचे ठोके दिसतात, काहींत रक्तदाबाचा आकडाही दिसतो, आणि तो आकडा तारेवाचून मुलाच्या हातातल्या फोनवर जाऊन पोहोचतो. बाप दर्यापूरला आणि त्याचा आकडा पुण्याला ! याला चमत्कार म्हणावे की खेळणे? मी इतिहासाचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. तेव्हा या प्रश्नाकडे मी माझ्या वाटेने जाणार आहे. म्हणजे मागे वळून.

मोजमाप नव्हते तेव्हाही नाडी होती. आपल्याकडे नाडीपरीक्षेचे व्यवस्थित वर्णन तेराव्या-चौदाव्या शतकातील शार्ङ्गधर संहितेत सापडते. वैद्यबुवा मनगटावर तीन बोटे टेकवीत, डोळे मिटीत, आणि नाडीची चाल कोणत्या प्राण्यासारखी आहे ते पाहत. यातले बरे-वाईट ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. पण इतिहासकाराच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वैद्याला कळले ते वैद्याच्या बोटातच राहिले. ते दुसऱ्याला जसेच्या तसे देता येत नसे, कालच्या नाडीची आजच्या नाडीशी वजाबाकी करता येत नसे. मात्र त्या पद्धतीत एक गुण होता, तो पुढे आपल्याला आठवावा लागेल : ज्याने नाडी पाहिली, तोच काय करायचे तेही सांगत असे आणि दोन दिवसांनी पुन्हा चौकशीला येत असे.

रक्ताला जोर असतो, हे आकड्यात प्रथम सांगितले ते एका इंग्रज धर्मोपदेशकाने. स्टीफन हेल्स त्याचे नाव. रक्त शरीरात फिरते, हे विल्यम हार्वेने १६२८ साली दाखवून दिलेच होते. हेल्सने एका घोडीच्या मांडीतील धमनीत पितळी नळी बसविली आणि तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त त्या नळीत आठ फूट तीन इंच चढले. हा प्रयोग त्याने १७३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. घोडी बिचारी गेली. पण हृदय रक्त नुसते ढकलीत नाही, ते मोजता येईल अशा जोराने ढकलते, ही गोष्ट सिद्ध झाली.

आता आठ-नऊ फुटांची नळी घेऊन माणसाजवळ कोण जाणार? १८२८ साली प्वाझेय नावाच्या फ्रेंच वैद्यकशास्त्रज्ञाने पाऱ्याची युक्ती काढली. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पटींहून थोडा अधिकच जड. त्यामुळे जो जोर पाण्याला पुरुषभर उंच चढवील, तोच पाऱ्याला वीतभरसुद्धा चढवीत नाही. आज डॉक्टर 'एकशेवीस' म्हणतात, ते पाऱ्याचे १२० मिलिमीटर. त्याचे पाणी केले तर सव्वापाच फुटांहून अधिक उंच होते. आपले मुठीएवढे हृदय मिनिटाला सत्तर-बहात्तर वेळा असा जोर लावते, रात्रंदिवस, एकही सुट्टी न घेता.

तरीही धमनी कापल्यावाचून हा जोर मोजणे साधत नव्हते. ती अडचण सोडविली इटलीतील तुरीन शहरच्या रिव्हा-रोच्ची या डॉक्टरने, १८९६ साली. त्याचे साहित्य ऐकाल तर आपल्या गावच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानाची आठवण होईल : सायकलच्या चाकातील रबरी नळी, शाईची तांब्याची दौत, थोडा पारा नि काचेची नळी. दंडाभोवती रबरी पट्टा आवळायचा, त्यात हवा भरायची, मनगटाची नाडी बंद पडली की पारा कुठे आहे तो आकडा वाचायचा. त्याचा पट्टा फार अरुंद होता. म्हणून आकडा फसवा येई. १९०१ साली फॉन रेक्लिंगहाउझेन या जर्मन वैद्याने पट्टा रुंद केला. पट्ट्याच्या रुंदीचे हे प्रकरण जुने झाले असे मात्र समजू नका. जाड दंडाला लहान पट्टा बांधून आजही चुकीचे आकडे काढले जातात.

पण हा झाला वरचा आकडा. खालचा आकडा मिळाला तो रशियात. निकोलाय कोरोत्कोव्ह हा लष्करी वैद्यकशाळेतला तरुण शस्त्रवैद्य. रशिया-जपान युद्धात जखमी सैनिकांच्या तुटक्या धमन्या सांधताना त्याला कानाने ऐकायची सवय लागली होती. १९०५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे त्याने एका पानाहूनही लहान असे निवेदन सादर केले. पट्टा सैल करीत जावे, कोपराच्या आतल्या अंगाला श्रवणनळी लावावी. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा दाब, ठोके विरून जातात तो खालचा दाब. बस्स, एवढेच. पण त्या अर्ध्या-पाऊण पानावर जगभरच्या दवाखान्यांनी पुढची शंभर वर्षे काढली.

हे दोन आकडे कशाचे, असे विद्यार्थी विचारतात. ज्यांनी विहिरीवरची मोट पाहिली आहे त्यांना ते सांगणे सोपे आहे. मोट थारोळ्यात रिकामी होते त्या क्षणी पाटात पाण्याचा लोंढा येतो. बैल मागे सरून मोट पुन्हा विहिरीत उतरत असते, तेव्हाही पाट अगदी कोरडा पडत नाही, पाणी संथपणे वाहतच असते. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा लोंढा म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांमधला संथ जोर म्हणजे खालचा आकडा. पाट मातीचा असतो, लोंढा फार झाला तर बांध फुटतो. धमनी फुटली तर मेंदूत रक्तस्राव होतो. पाट जोवर फुटत नाही, तोवर पाटकऱ्याला काही दिसत नाही, हेच या आजाराचे कपट.

विसाव्या शतकाच्या आरंभी आकडा तर हाती आला. पण आकडा घेऊन करायचे काय? त्याचा उपयोग अमेरिकेत प्रथम मनापासून केला तो विमा कंपन्यांनी ! ज्याचा आकडा मोठा तो लवकर मरतो, एवढे त्यांच्या हिशेबवहीने त्यांना सांगितले. डॉक्टरांपाशी मात्र उपाय नव्हता. याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. मार्च १९४४ मध्ये त्यांचा दाब १८६/१०८ असा मोजला गेला. जगातल्या सर्वांत बलाढ्य राष्ट्राचा प्रमुख. हाताशी उत्तमोत्तम डॉक्टर. पण विश्रांती, खाण्यापिण्याची पथ्ये आणि हृदयासाठी जुनी औषधे यापलीकडे द्यायला कुणापाशी काही नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले, तेव्हा वरचा आकडा तीनशेच्या पलीकडे होता.

आणि आपल्या अगदी शेजारचे उदाहरण घ्या. अमरावतीहून वर्धा काही दूर नाही. १९३६ साली महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. पुढे त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. गांधीजींच्या प्रकृतीची जी कागदपत्रे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१९ मध्ये प्रकाशित केली, त्यांत २६ ऑक्टोबर १९३७ चा रक्तदाब १९४/१३० असा आणि १९ फेब्रुवारी १९४० चा २२०/११० असा नोंदलेला आहे. आज एखाद्या उपकेंद्रात असा आकडा निघाला तर तातडीने मोठ्या दवाखान्यात पाठवतील. त्या काळी डिसेंबर १९३७ मध्ये गांधीजींना मुंबईस जुहूच्या किनाऱ्यावर विश्रांतीसाठी नेण्यात आले, डॉ. जीवराज मेहतांसारखे नामांकित डॉक्टर लक्ष ठेवून होते. पण उपाय म्हणाल तर विश्रांती, मौन, आहार आणि मातीच्या पट्ट्या. आकडा होता, औषध नव्हते.

आता गंमत पाहा. ज्या काळात हे चालले होते, त्या काळात एक औषध आपल्याच रानात उगवत होते. सर्पगंधा ! आपले वैद्य ती मुळी शतकानुशतके देत आले होते. साप चावल्यावर, झोप येत नसेल तर, माणूस वेडाच्या भरात असेल तर. पण ती रक्तदाब उतरविते हे कळणार कसे? दाब मोजणारे यंत्रच नव्हते. म्हणजे तिकडे आकडा होता नि औषध नव्हते; इकडे औषध होते नि आकडा नव्हता. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा हा गुण लिहून ठेवला, पण जगाने फारसे लक्ष दिले नाही.

या दोहोंची गाठ घालून दिली ती आपल्या मुंबईने. डॉ. रुस्तुम जाल वकील हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना सर्पगंधा दिली, आठवड्यांमागून आठवडे त्यांचा दाब मोजला, लिहिला, आणि १९४९ साली तो वृत्तांत इंग्लंडमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर मात्र जगाचे डोळे उघडले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले, आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे रेसर्पिनचे दोषही कळले. काही रुग्णांना त्याने फार उदासीनता येई, म्हणून अधिक चांगली औषधे आल्यावर ते मागे पडले. पण धडा कायम राहिला. वकिलांनी मुळी शोधून काढली नाही, यंत्रही शोधून काढले नाही. त्यांनी वही ठेवली. आकडा आणि उपाय यांना जोडणारी ती वही.

हा धडा मनात ठेवून आता पुढे चलू. १९५० नंतर औषधे येऊ लागली, तसा नवा पेच उभा राहिला : दवाखान्यात एकदा मोजलेला आकडा खरा धरायचा काय? अकोल्याला एके दिवशी चार इंच पाऊस पडला, तेवढ्यावरून यंदा कापूस कसा होईल ते कुणी सांगेल काय? तहसिलीतला पर्जन्यमापक रोज पाहावा लागतो, तेव्हा कुठे हंगामाचा अंदाज येतो. रक्तदाबही तसाच. तो झोपेत उतरतो, भांडणात चढतो, खर्रा तोंडात टाकला की चढतो, जिना चढला की चढतो. डॉक्टरचा पांढरा अंगरखा पाहूनच काहींचा दाब वीस-तीसने वर जातो. त्याला वैद्यकात नावच 'पांढऱ्या कोटाचा रक्तदाब' असे पडले आहे. उलट काहींचा दवाखान्यात शहाण्यासारखा वागतो आणि घरी उसळतो.

म्हणून साठ सालानंतर यंत्र माणसाबरोबर हिंडवण्याची खटपट सुरू झाली. सॅनफ्रान्सिस्कोचे डॉ. सोकोलो आणि त्यांचे सहकारी यांनी अंगावर वागवता येईल असे यंत्र रुग्णांना दिले. रुग्णाने दिवसभर आपले काम करावे आणि मधूनमधून स्वतः हवा भरून नोंद करावी. १९६६ साली त्यांनी दाखवून दिले की शरीराची खरी हानी किती झाली, हे दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा दिवसभरच्या नोंदींवरून अधिक बरोबर समजते.

दुसरे उदाहरण मला विशेष प्रिय आहे, कारण ते शेतकऱ्यांचे आहे. जपानच्या उत्तरेकडील ओहासामा हे शेतीवर जगणारे छोटे गाव. १९८७ पासून तेथील घराघरांत रक्तदाबाची यंत्रे देण्यात आली आणि लोक रोज सकाळी आपला दाब आपणच मोजून कागदावर टिपू लागले. पुढची वर्षे हिशेब जुळविला, तेव्हा दिसले की कोणाला धोका आहे हे डॉक्टरच्या आकड्यापेक्षा शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरातला आकडा अधिक चांगले सांगतो. माझ्या मते रक्तदाबाच्या इतिहासातले हे मोठे पाऊल. मोजण्याचा अधिकार दवाखान्यातून घरात आला.

आता राहिली बिनतारी. ज्या रेडिओवर आपण बाजारभाव आणि कीर्तन ऐकतो, त्याच विद्येने हृदयाचे बोलणे प्रथम दूरवर नेले. अमेरिकेतील माँटाना राज्यात नॉर्मन होल्टर नावाच्या शास्त्रज्ञाने १९४७ च्या सुमारास हृदयाचे विद्युत्-स्पंदन बिनतारी लहरींवर पाठवून दाखविले. यंत्राचे ओझे किती? सुमारे पंच्याऐंशी पौंड. म्हणजे पाठीवर एक मणाएवढे गाठोडे! पुढे ट्रान्झिस्टर आला आणि गाठोड्याची डबी झाली. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरला, तेव्हा त्याच्या दंडावर रक्तदाबाचा पट्टा होता आणि त्याचे आकडे अंतराळातून खाली बिनतारी येत होते. आपल्याकडेही या शतकाच्या पहिल्या दशकात पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत 'सिलिकॉन लॉकेट' नावाचे, अंगावर वागवून हृदयाची विद्युत्-नोंद घेणारे छोटे यंत्र घडविण्याचे काम झाले. मुलाने वडिलांना आणून दिलेला पट्टा असा आभाळातून आणि पवईतून फिरून आलेला आहे.

आता तो पट्टा काम कसे करतो ते थोडक्यात पाहू, म्हणजे त्यावर विश्वास किती ठेवावा तेही कळेल. या यंत्रांचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात हवा भरली जाते. दंडावरचा असो की मनगटावरचा, तो रिव्हा-रोच्चीचाच वंशज. फक्त कानाऐवजी यंत्र पट्ट्यातले बारीक हेलकावे ओळखते आणि आकडा फोनला कळविते. दुसऱ्या प्रकारात हवा नसतेच. पट्ट्याखाली हिरवा दिवा लुकलुकतो. कातडीतून परतणारा उजेड रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर कमी-जास्त होतो. हृदयापासून निघालेली लाट मनगटापर्यंत किती वेळात आली, तिचा आकार कसा आहे, यावरून यंत्र दाबाचा अंदाज बांधते. मोटेचा नाडा ताणलेला असला की एका टोकाचा हिसका दुसऱ्या टोकाला चटकन पोहोचतो. सैल असला की रेंगाळतो. धमनीतही दाब वाढला की ती ताठ होते आणि लाट लवकर येते. तत्त्व खरे आहे. पण ध्यानात घ्या, येथे दाब मोजलेला नाही. तर्काने काढलेला आहे. हवेच्या पट्ट्याशी वरचेवर ताडून पाहिल्यावाचून तो तर्क वाहवत जातो. म्हणूनच युरोपातील रक्तदाबतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितले की, बिनहवेच्या यंत्रांवरून रोगाचे निदान करू नये आणि औषध ठरवू नये.

उजेडाने मोजण्यात आणखी एक मेख आहे. २०२० साली अमेरिकेतील मिशिगनच्या संशोधकांनी दाखविले की बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारा चिमटा गोऱ्यांच्या मानाने काळ्या रुग्णांच्या बाबतीत अधिक वेळा चुकतो; प्राणवायू कमी असतानाही ठीक असल्याचे सांगतो. उन्हातान्हात राबणाऱ्या आमच्या शेतकऱ्याचे किंवा मेळघाटातल्या कोरकू बांधवाचे मनगट पुढ्यात ठेवून हे यंत्र पारखले होते काय, असे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

मग वऱ्हाडाने या यंत्रांकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नव्हे. आपल्याला मोजण्याची गरज इतरांपेक्षा अधिक आहे, कमी नाही. ठेचा, लोणचे, पापड, कुरड्या हे आमचे वैभव. पण प्रत्येकात मीठ आहे, आणि मिठाने दाब चढतो हे आता वादातीत आहे. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून कमी मीठ खा म्हणते. त्यात पूर्णेचे खोरे हा आपला खारपाणपट्टा : अकोट, तेल्हारा, बाळापूर, दर्यापूर, भातकुली, अंजनगाव. येथल्या कितीतरी गावांत विहिरीचे पाणीच खारे. बांगलादेशच्या किनारपट्टीवर खाऱ्या पिण्याच्या पाण्याचा आणि गर्भवती स्त्रियांच्या वाढत्या रक्तदाबाचा संबंध अभ्यासकांनी दाखविला आहे. खारपाणपट्ट्याचे क्षार अगदी तेच नसतील. पण म्हणूनच तर येथे घरोघर मोजले पाहिजे. जेथे ताटातही मीठ नि घागरीतही मीठ, तेथे अंदाजावर राहून कसे चालेल?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार भारतात सुमारे १८ कोटी ८० लाख प्रौढांना वाढलेला रक्तदाब आहे, आणि त्यांतील शंभरांपैकी सदतीस जणांनाच तो असल्याचे निदान झालेले आहे. उरलेले त्रेसष्ट जण 'मले काही होत नाही' म्हणणारे.

यावर उपाय कोणता ठरला, तेही शेजारीच पाहता येते. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातील पहिल्या चार जिल्ह्यांत सातारा-सिंधुदुर्गाबरोबर आपल्या विदर्भातले वर्धा आणि भंडारा होते. त्यात झगमगते काही नव्हते. साधे विजेवरचे, हवेच्या पट्ट्याचे यंत्र, ठरावीक दोन-तीन औषधे, प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि ठरल्या दिवशी रुग्ण आला नाही तर त्याची चौकशी. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर पुरस्कार मिळाला. पाहिलेत? पुन्हा तीच वही. वकिलांनी पन्नास रुग्णांची ठेवली, ओहासामाच्या शेतकऱ्यांनी घरी ठेवली, आणि येथे ती परिचारिकेने नि आशाताईने ठेवली.

म्हणून मुलाने आणलेल्या पट्ट्याविषयी माझे म्हणणे असे. आकडा पुण्याला पोहोचणे ही मोठीच सोय आहे. पण पुण्यात तो आकडा पाहून कुणीतरी फोन उचलला पाहिजे, आणि दर्यापुरात कुणीतरी वडिलांना दवाखान्यात नेले पाहिजे. बिनतारी आकडा वाऱ्यावर जातो. उत्तर मात्र पायी चालत यावे लागते. जुन्या वैद्यबुवांकडे आकडा नव्हता, पण दोन दिवसांनी पुन्हा उंबऱ्याशी येण्याची रीत होती. ती रीत टाकून नुसता आकडा घेतला, तर रूझवेल्टच्या डॉक्टरांइतकेच आपण हताश होऊ. आणि त्यांच्यापाशी औषध नव्हते म्हणून, आपल्यापाशी असूनही.

शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी. घरात यंत्र घ्यायचेच असेल तर प्रथम दंडाला बांधायचे, हवा भरणारे घ्यावे, आणि पट्टा दंडाच्या मापाचा असावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू, खर्रा वर्ज्य. पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, दंड उघडा, बोलणे बंद. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह लिहावेत. आकडा पुनःपुन्हा १४०/९० च्या वर राहिला तर उपकेंद्र गाठावे. छातीत कळ, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे असे काही दिसले तर घड्याळाकडे न पाहता थेट मोठा दवाखाना. आणि मनगटी पट्टा 'सारे ठीक' म्हणतो म्हणून गोळी बंद करू नये; ती डॉक्टरांना विचारूनच.

शिक्षक मित्रहो, तुम्हांला एक विनंती. सातवी-आठवीच्या मुलांना एक मिनिट आपली नाडी मोजायला शिकवा. मग मैदानाला एक फेरी मारून पुन्हा मोजायला सांगा, आणि दोन्ही आकडे वहीत लिहून घ्या. उपकेंद्राच्या ताईंना एखाद्या शनिवारी शाळेत बोलवा. त्यांनी दाब कसा मोजायचा ते दाखवावे आणि मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांच्या नावाचे एक पान सुरू करावे. ज्या घरात नातू दर रविवारी आकडा टिपतो, त्या घरात 'गोयी कायले खाऊ' या प्रश्नाचे उत्तर नातवाच्याच वहीत लिहिलेले असेल. पट्टा उद्या अधिक शहाणा होईल, परवा आणखी स्वस्त होईल. त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. एक रुपयाची पेन्सिल आणि जुन्या वहीची उरलेली पाने एवढ्यावर हे काम या रविवारीच सुरू करता येते.